अठ्ठावन्न किलो

५ फेब्रुवारी

ही वही पाठदुखीसाठी आहे. वेदना विभागातल्या बाईंनी आज दिली आणि रोज लिहायला सांगितलं. दुखण्याला शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचा, दिवसभरात काय केलं ते लिहायचं, आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं तेही. मनातलं मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही, वहीला काय सांगणार. पण तीन वर्षं झाली, तीन डॉक्टर झाले, पोतंभर गोळ्या झाल्या. मणक्यात कापण्याजोगं काही नाही असं तिघांनीही लिहून दिलं. आता हेच उरलंय.

आकड्यावरून पहिल्याच दिवशी वाजलं. मी म्हटलं, किलो म्हणजे किती हे ठरलेलं आहे, त्याचं प्रमाणित वजन असतं, त्यावर शिक्का असतो. तुमच्या या दहाचं वजन कुठल्या कपाटात ठेवलंय? बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा दहा तुमचाच. दुसऱ्याच्या दहाशी तो ताडून बघायचा नाही." चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हे गळी उतरणं कठीण. जे ताडून बघता येत नाही ते मोजमाप कसलं?

त्याआधी त्यांनी अकरा प्रश्न विचारले. वजन घटलंय का, भूक कशी आहे, झोपेतून दुखण्याने जाग येते का, ताप येतो का, घरात कुणाला काय होतं. जुन्या तपासण्यांचे कागद एकेक करून वाचले. मला वाटलं वेळ काढताहेत.

आकडा: सात. साडेसात लिहिणार होतो, पण अर्धा चालत नाही म्हणे.

८ फेब्रुवारी

आज बाईंनी यामागचं शास्त्र सांगितलं. पाठीतली इजा केव्हाच भरून आली. पण इजा झाली तेव्हा मज्जातंतूंनी जी ओरड सुरू केली ती अजून चालूच आहे. मी वाकलो, खोकलो, नुसता वाकायचा विचार केला, तरी ते बोंब ठोकतात. मग मेंदू घाबरतो, अंग आवळून धरतो, आणि आवळलेलं अंग आणखी दुखतं. दुखणं खोटं नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. दुखतं ते खरंच दुखतं, पण तुमच्या बाबतीत ते धोक्याची खूण राहिलेलं नाही.

मी ते माझ्या भाषेत करून घेतलं. काट्याच्या पोटात लोडसेल असतो, भार जोखणारा तुकडा. तो बिघडला की माशी बसली तरी काटा दहा किलो दाखवतो. म्हणजे काटा बिघडलाय, माल नाही. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतलं. मी जरा फुशारलोच.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं मी माशीची सेवा करतेय."

आकडा: सात.

१४ फेब्रुवारी

चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मग पायाच्या अंगठ्यापासून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, आणि पाठीशी आलं की पळ न काढता तिथेच थांबायचं. मनात म्हणायचं, इथे काही धोका नाही. पहिले तीन दिवस मी गुडघ्यापर्यंत पोचलो की घोरायला लागायचो. आता ही शेजारी खुर्ची टाकून बसते आणि मोजते. हिचा आवाज मोजणीला चांगला आहे, घाई करत नाही. बाईंचं नाव आम्ही श्वासवाल्या बाई ठेवलंय.

शिवाय रोज चालायचं. दुखलं म्हणून थांबायचं नाही, बरं वाटलं म्हणून जास्तही चालायचं नाही, ठरलं तितकंच. सध्या पोस्टाच्या पेटीपर्यंत आणि परत. एकट्याला धीर होत नाही म्हणून हीही बरोबर येते.

आज चालताना जुनी गोष्ट निघाली. माझी पाठ गेली त्या आठवड्यात हिला सडकून ताप होता. मी पलंगावर आणि ही ताप घेऊन उभी. तेव्हा ही म्हणाली होती, "एका घरात एका वेळी एकच आजारी, आणि तुमचा नंबर आधी लागला." तेव्हा मला हसताही आलं नव्हतं, इतकी कळ होती. आज दोघंही हसलो.

आकडा: सहा.

२० फेब्रुवारी

पार्सल कार्यालयाचा काटा दुरुस्त झाला. शेवटची तपासणी प्रमाणित वजनं ठेवून करायची असते. पण माझी वीस-वीस किलोंची तीन लोखंडी वजनं कोपऱ्यात तीन वर्षं आहेत तिथेच आहेत. त्यातलंच एक उचलताना माझ्या पाठीत कट् झालं होतं. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

तेव्हापासून मी हिलाच काट्यावर उभी करतो. ही अठ्ठावन्न किलो. लेक झाली त्याच्या पुढच्या वर्षापासून आजतागायत अठ्ठावन्न, उन्हाळ्यात तेवढी, थंडीत तेवढी, आजारातून उठल्यावरही तेवढीच. निरीक्षकाला कळलं तर माझा परवाना जाईल हे मला माहीत आहे. पण शिक्का मारलेल्या वजनाला गंज चढतो, हिला चढत नाही.

आज काटा छप्पन्न पूर्णांक नऊ दाखवत होता. किलोभराची चूक म्हणजे हद्द झाली. अशा वेळी एक कळ दाबून धरायची आणि यंत्राला सांगायचं, तुझ्यावर आहेत ते अठ्ठावन्न. यंत्र निमूट ऐकतं. हल्लीचे लोडसेल म्हणजे नुसता कचरा आहे.

आकडा: सहा.

४ मार्च

हिची पाठ दुखतेय. पोटातून निघतं आणि मागे जातं म्हणाली, जेवल्यावर जास्त. तीन वर्षं माझ्या शेजारी राहून लागण झाली, असं मी चिडवलं. मग मात्र गंभीरपणे बसवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. काटा बिघडलाय, माल नाही, हेही सांगितलं. ही ऐकत होती. शेवटी म्हणाली, बरं, करून बघते.

मी मोजलं, हिने श्वास घेतला. शिकवण्यात मजा आली हे कबूल करतो. तीन वर्षांत या घरात मी कुणाच्या उपयोगी पडलो असेन तर आज. झाल्यावर श्वासवाल्या बाईंसारखंच विचारलं, आता आकडा किती?

"तुमचा किती?" हिने उलट विचारलं.

"सहा."

"मग माझा चार."

वहीत दोन रकाने आखले. डावीकडे माझा, उजवीकडे हिचा.

१७ मार्च

पोस्टाच्या पेटीच्या पुढे, पुलापर्यंत जाऊन आलो. पाठीने कुरकुर केली, मी दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष हा शब्द श्वासवाल्या बाईंना आवडत नाही. त्या म्हणतात, लक्ष द्यायचं पण घाबरायचं नाही. मला दोन्हींत फरक दिसत नाही.

चालण्याचा फायदा हिलाही दिसतोय. घड्याळाचा पट्टा हातात फिरायला लागला म्हणून मी टोच्याने त्याला नवीन भोक पाडून दिलं, बरोबर सहा मिलिमीटरवर, आधीच्या भोकांच्या रांगेत. तरी सैल वाटला म्हणून आणखी एक पाडलं. म्हटलं, लोक यासाठी व्यायामशाळेत जातात. हिने हात पुढे करून पट्टा बघितला आणि काम छान झालंय म्हणाली.

चहा मात्र सोडलाय हिने. तोंडाला चव नाही म्हणते. मी एकटाच पितो, मजा येत नाही.

माझा पाच. हिने आधी माझा विचारला, मग तीन सांगितला.

१ एप्रिल

आज वेदना विभागात सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. एक मान दुखणारे मास्तर, एक दोन्ही मनगटं गेलेली शिवणकाम करणारी बाई, आणि मी. प्रत्येकाने आपली प्रगती सांगायची. मी वही उघडून दोन्ही रकाने दाखवले. म्हटलं, माझा सातावरून पाचावर आणि माझ्या विद्यार्थिनीचा चारावरून तिनावर. सगळे हसले.

श्वासवाल्या बाई हसल्या नाहीत. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांच्या तपासण्या झाल्यात ना? हे दुखणं नवीन असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग श्वास.

मी हो म्हणालो, झाल्यात. अगदीच खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी हिच्या दाढेचा फोटो काढला होता. बाईंसमोर मान खाली घालायला जिवावर आलं, एवढंच. घरी येऊन हिला सांगितलं, एकदा दाखवून येऊ. ही म्हणाली, तुमचं एवढं छान चाललंय, ते पूर्ण होऊ दे, मग बघू. मलाही ते बरं वाटलं. दवाखान्यातल्या त्या बाकांवर तीन वर्षं काढली आहेत मी, नुसतं नाव काढलं तरी कंबर धरते.

माझा चार. हिचा दोन.

९ एप्रिल

भंगारवाल्याचा मोठा काटा दुरुस्तीला आला होता. तो म्हणजे आडदांड गडी, आवाज असा की काचा हलाव्यात. नवीन वायर टाकली, कळफलक साफ केला. मग हिला हाक मारली. ही ओल्या हातांनी आली, चपला काढून उभी राहिली. आकडा दिसतो ती पेटी माझ्या बाजूला होती.

बावन्न.

उतरून परत चढ म्हटलं. बावन्न. सहा किलोंची चूक मी आख्ख्या जन्मात पाहिली नाही.

"किती दाखवतोय?" हिने विचारलं.

"बावन्न. यंत्राचं डोकं फिरलंय."

ही खाली उतरली नाही. काट्यावर सरळ उभी होती, हात दोन्ही बाजूंना, मी शिकवलंय तशी. मग म्हणाली, "मग करा ना दुरुस्त."

कळ दाबून धरली, अठ्ठावन्न घातले, काम झालं. भंगारवाला संध्याकाळी घेऊन गेला.

माझा चार. आज वजनांच्या पेटीतलं पाच किलोंचं पितळी वजन दोन्ही हातांनी उचललं. हिचा दोन.

२१ एप्रिल

लेकीचा फोन आला होता, चेहरे दिसतात तो. आल्या आल्या, आईचा चेहरा किती उतरलाय, आई जेवते की नाही, बाबा तुमचं लक्ष आहे का. मी वैतागलो. तिकडे हजार मैलांवर बसून चेहऱ्याचं माप काढतेस, म्हटलं. माझी पाठ कशी आहे हे विचारायला ती चक्क विसरली. ही मागून म्हणाली, अगं उजेड कमी आहे इथे.

उजेड कमी नव्हता. खिडकी उघडी होती.

हिने दुखण्यावर स्वतःचा एक उपाय शोधलाय. खुर्चीत उलटी बसते, खुर्चीची पाठ पुढे घेऊन, पोटाशी उशी धरून पुढे वाकते. तसं केलं की हलकं वाटतं म्हणाली. तासतासभर बसते. प्रत्येकाचं शरीर आपली वाट शोधतं असं श्वासवाल्या बाई सांगतातच. त्यांना हे सांगायचं माझ्या मनात होतं, पण सांगितलं नाही. पुन्हा तपासण्यांचं काढतील.

माझा तीन. हिचा दोन. मी म्हटलं, तुझाही एक खाली यायला हवा होता. ही म्हणाली, बरं, एक लिहा.

७ मे

आज दहा किलोंचं वजन उचललं, जमिनीवरून कमरेपर्यंत, श्वास सोडत. पाठ आवळली. मी तिथेच थांबलो, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, आणि ती सुटली. तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या शरीराने माझं ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं हे लिहून ठेवतो, वहीत खरं लिहायचं असं ठरलंय. हिला दाखवायला हाक मारली तर ही झोपली होती, भर दुपारी. हल्ली फार झोपते. उठवलं नाही.

मग भंगारवाल्याचा फोन. काटा जास्त दाखवतो म्हणून कोकलत होता. पलीकडच्या कारखान्यातल्या काट्यावर तोच माल कमी भरतो. मी म्हटलं, कारखान्याचा काटा कुणी दुरुस्त केलाय ते विचार आधी. माझं काम मी डोळ्यांत तेल घालून करतो. फोन आपटला.

माझा दोन. हिचा एक.

२२ मे

भंगारवाला काटा घेऊनच आला, धाडकन ओट्यावर टाकला आणि निघून गेला. जाता जाता त्याला ही दारात दिसली. त्याचा तो आवाज एकदम खाली आला. "काकू, बरं नाही का?" असं काहीतरी म्हणाला. ही म्हणाली, बरी आहे की.

परवा श्वासवाल्या बाईंकडे शेवटची भेट. त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं, कशासाठी बरं व्हायचंय तुम्हाला. मी म्हटलं होतं, कोपऱ्यातली वीस किलोंची वजनं उचलायची आहेत. उद्या उचलणार. हिला समोर बसवून उचलणार.

माझा एक.

हिचा विचारायचा राहिला.

२३ मे

सकाळी नऊ वाजता उचललं. पहिलं वीस किलो, मग दुसरं, मग तिसरं. ही दारात खुर्ची घेऊन बसली होती. तिसरं झाल्यावर हिने टाळ्या वाजवल्या. पाठ दुखली नाही. खरंच नाही.

वजनं उचललीच आहेत तर ठेवायची कुठे, म्हणून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. आता त्याची बोलती बंद करतो म्हटलं. साठ किलो.

काट्याने सहासष्ट पूर्णांक नऊ दाखवले.

पहिला विचार तोच आला, काटा बिघडलाय. दोन वजनं काढली. वीसचे बावीस पूर्णांक तीन. एक परत ठेवलं. चाळीसचे चव्वेचाळीस पूर्णांक सहा. बिघडलेला काटा असा शिस्तीत चुकत नाही. तो भरकटतो, आता इतके आणि मग तितके. दर किलोमागे बरोबर तेवढीच चूक, याचा अर्थ चूक यंत्रात नाही. कुणीतरी यंत्राला चुकीचं वजन सांगितलंय.

कागद घेतला नाही. हे गणित मी झोपेत करतो. त्या दिवशी वर अठ्ठावन्न नव्हते. बावन्न होते. काटा पहिल्यापासून खरं बोलत होता. आणि फेब्रुवारीतले ते छप्पन्न पूर्णांक नऊ, तेही खरेच होते.

मी साठ किलो ठेवून काटा नीट केला. वजनं एकेक उतरवली. पाठ मजेत होती. मग हिला म्हटलं, जरा येऊन उभी राहा. ही भिंतीला धरत आली, चपला काढल्या, चढली.

एकोणपन्नास पूर्णांक दोन.

"किती?" हिने विचारलं.

मी सांगितलं.

"आता काटा बरोबर आहे ना?"

"हो."

"मग बरोबरच असेल," ही म्हणाली आणि खाली उतरली.

२ जून

स्वादुपिंड. शेजारच्या यकृतातही गेलंय. कापण्याजोगं काही नाही, हेच शब्द डॉक्टरांनी वापरले. माझ्या मणक्याच्या वेळी ते ऐकून मी पेढे वाटण्याच्या बेतात होतो.

मी विचारलं, फेब्रुवारीत आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, हा आजार लवकर सापडला तरी अवघडच असतो. चांगला माणूस आहे. पण मी मापाच्या धंद्यातला आहे, "सांगता येत नाही" म्हणजे शून्य नव्हे हे मला कळतं.

श्वासवाल्या बाईंना भेटलो. सगळं सांगितलं, दाढेच्या फोटोसकट. त्यांनी मला विचारलं होतं याची आठवण त्यांनी करून दिली नाही, मीच करून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी मला अकरा प्रश्न विचारले होते आणि त्यानंतर श्वास शिकवला होता. मी हिला श्वास तेवढा शिकवला. अकरातला एकही प्रश्न विचारला नाही. त्यातला पहिलाच प्रश्न होता, वजन घटलंय का. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तो पुसून अठ्ठावन्न लिहिले.

लेक आली आहे. माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

१४ जून

वॉर्डातली सिस्टर दर चार तासांनी येते आणि विचारते, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? त्या आकड्यावर औषध ठरतं. तीन दिवस ही तीन सांगतेय, कधी दोन. तीनचं औषध मिळतंय. आणि तरी ही पलंगाची दांडी सोडत नाही.

आज दुपारी सिस्टर आली तेव्हा मी उशाशी स्टुलावर होतो. तिने विचारलं. हिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि रोजच्या सवयीने म्हणाली, "तुमचा किती?"

सिस्टरला वाटलं, औषधाने भ्रम झालाय. तिने नीट समजावलं, यांचा नाही काकू, तुमचा विचारतेय.

"तीन," ही म्हणाली. नजर माझ्यावरच होती.

सिस्टरने एकदा हिच्या दांडीवरच्या मुठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. वयाने लेकीपेक्षाही लहान असेल. मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का.

बाहेर उभा राहिलो. त्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही, बिजागरी सैल आहे. आत सिस्टरने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"नऊ," ही म्हणाली.

मग सिस्टरने विचारलं, कधीपासून? ही म्हणाली, "बरेच दिवस झाले. त्यांना नका सांगू, त्यांची पाठ आत्ता कुठे बरी झालीय."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. बसता आलं, अगदी सहज.

वही काढून उजवा रकाना बघितला. चार, तीन, दोन, दोन, एक, एक. काट्यावर आधी भांडं ठेवून त्याचं वजन वजा करतात, मग माल मोजतात. ही रोज आधी माझा आकडा विचारायची आणि त्याखाली बसेल असाच आकडा सांगायची. मी बरा होत गेलो तशी हिला दुखायला जागाच उरली नाही. आणि मी त्याला प्रगती म्हणून चारचौघांत दाखवून सगळ्यांना हसवलं.

१७ जून

नवीन औषध चालू झालंय. दांडी सोडली आहे. श्वासवाल्या बाई स्वतः वॉर्डात येऊन गेल्या. म्हणाल्या, औषधाच्या जोडीला श्वास चालतो, औषधाच्या जागी चालत नाही. त्यांनी मोजायला घेतलं तर ही म्हणाली, यांना मोजू द्या. मला वाटलं होतं ही माझ्याकडून पुन्हा कधी काही करून घेणार नाही. चार आत, सहा बाहेर. मधेच चुकलो तेव्हा हिनेच पुढचा आकडा सांगितला.

सिस्टर आली की मी आपण होऊन बाहेर जातो. बाहेरून आज आठ ऐकले.

२१ जून

दहा दिवस स्टुलावर बसून पाठ परतली आहे. सकाळपासून सळक येतेय, पायापर्यंत. सहा तरी असेल, कदाचित सातही. कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहितोय.

लेक घरी कपडे आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. हिच्या कपाळावर घाम होता. ओठ दाताखाली धरले होते. सिस्टरची वेळ व्हायला तासभर होता. मी विचारलं, किती?

हिने डोळे उघडले. "तुमचा किती?"

चाळीस वर्षांत मी जाणूनबुजून खोटा आकडा कधी दाखवला नाही. स्टुलावर सरळ बसलो. कळ पाठीतून डोक्यात गेली. चेहरा हलू दिला नाही.

"शून्य," म्हटलं.

ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तेहतीस वर्षांचा संसार आहे, हिला काय कळलं आणि काय नाही ते मला सांगता येणार नाही.

"मग माझा नऊ," ही म्हणाली.

मी उठून घंटा वाजवली आणि सिस्टर येईपर्यंत मोजत राहिलो.